बंद खाणीचा हिशेब

(खाण कामगारांच्या अभ्यासशिबिरात केलेले भाषण)



२०२२ च्या ऑगस्ट महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे, अमराई वॉर्डातील एक राहते घर बघता बघता जमिनीत गडप झाले. घरातील माणसे वेळीच बाहेर धावली म्हणून वाचली. आजूबाजूच्या कुटुंबांना तातडीने हलवावे लागले. त्या वस्तीखाली पूर्वी कोळसा काढलेल्या भूमिगत खाणीची पोकळी होती. काम केव्हाच थांबले होते. हिशेब मात्र पुरा झाला नव्हता. तो कसा मांडावयाचा, हा आजचा विषय आहे.

भूमिगत खाणीत छताला आधार म्हणून कोळशाचे खांब ठेवलेले असतात. कालांतराने ते कमकुवत होतात आणि वरची जमीन खचते. पंप थांबले की पोकळीत पाणी भरते. हवेच्या संपर्काने कोळसा आपोआप पेटू शकतो. झरियाच्या कोळसाक्षेत्रात १९१६ मध्ये प्रथम आढळलेली आग शंभर वर्षांनंतरही पुरती विझली नाही. अशा प्रत्येक धोक्याबाबत तीन प्रश्न विचारावे लागतात : काय घडू शकेल, ते कितपत संभवनीय आहे, आणि घडल्यास कोणाच्या माथी येईल? पहिल्या दोहोंची उत्तरे अभियंते देतात. तिसरा प्रश्न आपणच विचारला पाहिजे.

पाण्याचेच उदाहरण घ्या. २७ डिसेंबर १९७५ रोजी चासनाला येथे जुन्या कामात साचलेले पाणी चालू खाणीत घुसले आणि ३७५ कामगार मृत्युमुखी पडले. १३ नोव्हेंबर १९८९ रोजी राणीगंज भागातील महाबीर खाणीत पुन्हा सोडून दिलेल्या कामातील पाणीच शिरले. ७१ कामगार अडकले. त्यांतील ६५ जणांना वरून भोक पाडून, पोलादी कॅप्सूल सोडून जिवंत बाहेर काढण्यात आले. पाणी साचलेल्या जुन्या कामापासून ६० मीटरच्या आत परवानगीवाचून पुढे जाऊ नये, असा नियम १९५७ च्या नियमावलीतच होता. पण हे ६० मीटर मोजावयाचे कशावरून? नकाशावरून. नकाशा चुकीचा असेल तर नियम असून नसल्यासारखा होतो.

म्हणून आपली पहिली मागणी ही की, खाण बंद करण्यापूर्वी तिचे नकाशे तेथे राबलेल्या कामगारांसमक्ष तपासावेत. कोणता खांब ठरल्यापेक्षा अधिक कापला, कोठे वाळूभरती केवळ कागदावर झाली, हे दप्तरात सापडत नाही. ते कामगाराला ठाऊक असते, आणि तो निवृत्त होऊन गावी गेला की ती माहिती त्याच्याबरोबर जाते.

दुसरी मागणी पैशाची. केंद्र सरकारच्या २००९ च्या सूचनांनी कोळसा खाणी बंद करण्याच्या खर्चासाठी उघड्या खाणीस हेक्टरी ६ लाख व भूमिगत खाणीस हेक्टरी १ लाख रुपये, असा त्या वेळचा दर धरून वेगळ्या खात्यात रक्कम ठेवण्याचे बंधन घातले. तत्त्व योग्यच आहे. बंद खाणीला उत्पन्न नसते, तेव्हा कोळसा विकला जात असतानाच पैसा बाजूला काढला पाहिजे. परंतु हेक्टरच्या सरसकट दराने धोका मोजता येत नाही. माळाखालची पोकळी आणि वस्तीखालची पोकळी यांना एकच दर लावणे न्यायाचे नव्हे.

तिसरी गोष्ट माणसांची. कोलारच्या सोन्याच्या खाणी शतकाहून अधिक काळ चालून २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. मागे सायनाइडने प्रक्रिया केलेल्या मातीचे डोंगर राहिले, आणि त्यांच्या छायेतील वस्तीतून माणसे रोजगारासाठी रोज रेल्वेने बंगळूरला जाऊ लागली. रोजगार बुडणे हाही खाण बंद होण्याचा धोकाच होय. त्याची नोंद जमीन खचण्याच्या शेजारीच झाली पाहिजे. आणि त्या नोंदीत कंत्राटी कामगाराचे नावही असले पाहिजे.

ही सर्व नोंद मराठीत, ग्रामसभेपुढे दरवर्षी वाचली जावी. पाण्याची पातळी कोण मोजणार, भेगा कोण पाहणार, किती वर्षे पाहणार, हे तीत स्पष्ट लिहिलेले असावे. शेवटची पाळी वर आल्यावर या प्रश्नांची उत्तरे देण्यास कोणी उरत नाही. म्हणून ती खाण चालू आहे तोवरच मागावयाची आहेत.