पेट्राची पन्हळ

प्राचीन नगर पाहावयास निघालेला प्रवासी बहुधा एखादें चित्र मनांत धरूनच निघतो. पेट्रास जाणाऱ्याच्या मनांत तें चित्र ठरलेलें असतें : दोन काळोख्या कड्यांच्या फटींतून दिसणारें, गुलाबी पाषाणांत कोरलेलें एक भव्य शिल्प. जॉर्डन देशाच्या दक्षिण भागांत, मृतसमुद्र आणि अकाबाचें आखात यांच्या दरम्यान, हें नगर डोंगरांच्या कुशींत दडलेलें आहे.

वादी मूसा या गांवाहून सकाळीं प्रवाशांचे जथे निघतात. पंधरावीस माणसें, नाना देशींचीं, आणि पुढें त्या प्रांतांतला एक वाटाड्या. थोडें चालून गेल्यावर ‘सीक’ नांवाची खिंड लागते. तिची लांबी सुमारें १२०० मीटर. दोन्ही बाजूंचे कडे ८० मीटरांपर्यंत व कांहीं ठिकाणीं त्याहूनही उंच. आणि वाट कोठें कोठें इतकी अरुंद, कीं दोन बैलगाड्या शेजारून जाऊं नयेत. येथें वाटाड्या थांबतो व कड्याच्या पायथ्याकडे बोट दाखवितो. तेथें दगडांत एक पन्हळ कोरलेली आहे. समोरच्या कड्यालगत भाजलेल्या मातीचे नळ एकांत एक बसविलेले होते, त्यांचे अवशेष दिसतात. मंडळी मान डोलावते आणि पुढें चालूं लागते; कारण सर्वांस ‘खजिना’ पाहण्याची घाई झालेली असते.

अखेरच्या वळणावर उजेड पडतो, आणि ‘अल् खझ्ना’, म्हणजे खजिना, या नांवानें विख्यात झालेली वास्तु समोर उभी राहते. ती सुमारें ४० मीटर उंच आहे, व ती बांधलेली नसून कोरलेली आहे. वेरूळचें कैलास लेणें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस शिखरापासून खालीं कोरीत येण्याची ही रीत अपरिचित वाटणार नाहीं. माथ्यावरील कलशांत सोनें आहे अशा समजुतीनें पूर्वीं त्यावर बंदुका झाडण्यांत आल्या. गोळ्यांच्या खुणा अद्याप दिसतात. कलश मात्र भरीव दगडाचा आहे. खजिना तेथें नव्हताच. २००३ सालच्या उत्खननांत वास्तूच्या खालीं सांपडलीं तीं थडगीं.

मग या नगराचा खरा खजिना कोणता? मंडळी ज्या पन्हळीवरून नजर फिरवून पुढें आली, ती पन्हळ.

हें नगर भरभराटीस आणणारे नबाती लोक मूळचे वाळवंटांतले अरब. धूप आणि हिराबोळ वाहणारे उंटांचे तांडे त्यांच्या वाटांनीं भूमध्यसमुद्राकडे जात. ‘पेरिप्लस’ नांवाच्या ज्या ग्रीक ग्रंथांत कल्याण आणि पैठण यांचा व्यापार वर्णिला आहे, त्याच ग्रंथांत पेट्राकडे जाणाऱ्या वाटेचाही उल्लेख आहे. परंतु धनानें तहान भागत नाहीं. पेट्रास वर्षाकाठीं पाऊस पडतो तो सुमारें १५० मिलिमीटर. ग्रीक इतिहासकार डायोडोरस लिहितो, कीं हे लोक अरुंद तोंडाचीं व विशाल पोटाचीं टांकीं जमिनींत खोदून, तीं आंतून गिलावा करून, परक्यास ठाव लागूं नये अशा रीतीनें झांकून ठेवीत. नगर वसल्यावर त्यांनीं हीच विद्या वाढविली. दूरच्या झऱ्याचें पाणी मंद उतारानें नळांतून व पन्हळींतून घरोघर पोंचूं लागलें, आणि गाळ बसावा म्हणून मध्यें कुंडें ठेवण्यांत आलीं.

हें झालें अर्धें काम. ज्या खिंडींतून पाणी आणावयाचें, तीच खिंड पावसांत पुराची वाट होई. म्हणून तिच्या तोंडाशीं त्यांनीं बांध घातला, आणि डोंगर फोडून सुमारें ८८ मीटरांचा बोगदा काढून लोंढा दुसरीकडे वळविला. पिण्यास हवें तितकें आंत घेतलें, बुडवील तें बाहेर काढलें.

इ. स. १०६ मध्यें हें राज्य रोमनांकडे गेलें. ३६३ सालीं भूकंप झाला. व्यापाराच्या वाटा बदलल्या आणि नगर हळूहळू ओसाड झालें. १८१२ सालीं बुर्कहार्ट हा स्विस प्रवासी अरबाच्या वेषांत येथें आला, व यूरोपास या स्थळाची पुन्हां ओळख झाली. प्रवासी येऊं लागले. पण पडक्या बांधाकडे कोणी पाहिलें नाहीं. एप्रिल १९६३ मध्यें फ्रेंच प्रवाशांचा एक जथा खिंडींत असतांना अवचित पूर आला. कडे चढून जाण्यास वाट नव्हती. वीसांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. तेव्हां कोठें, १९६४ सालीं, नबात्यांनीं बांध घातला होता त्याच जागीं नवा बांध घालण्यांत आला. तरीही २०१८ च्या नोव्हेंबरांत पूर आला तेव्हां साडेतीन हजारांहून अधिक प्रवाशांस तेथून सुरक्षित स्थळीं हलवावें लागलें.

संध्याकाळीं मंडळी त्याच खिंडींतून परतते. पाय थकलेले असतात, घसा कोरडा पडलेला असतो. एखादा जाणता वाटाड्या त्यांस त्या बांधापाशीं पुन्हां थांबवितो आणि १९६३ ची हकीकत सांगतो. मग मात्र कोणी घाई करीत नाहीं. जुनें नगर पाहावयास जाणाऱ्यानें, तें नगर कोणतेंही असो, वाटाड्यास पहिला प्रश्न हाच विचारावा, कीं येथें पाणी येत होतें कोठून, आणि जात होतें कोठें? आणि घरीं परतल्यावर तोच प्रश्न स्वतःच्या नगराविषयींही एकदां विचारून पाहावा.