वस्ती कोणी सुधारावयाची? थोरांनीं कीं पोरांनीं?
(अंधेरी येथील सभेंत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)

अध्यक्षमहाराज, कष्टकरी बंधूंनो व भगिनींनो, आणि मागें उभ्या असलेल्या पोरांनो,

पोरांना मी मुद्दाम हांक मारली. आपल्या सभेंत पोरें सतरंज्या अंथरतात, पाण्याचे तांबे फिरवितात, आणि बोलणें सुरू झालें कीं त्यांना गप्प बसवून बाहेर काढतात. आजचा विषय त्यांच्यावांचून पुरा व्हावयाचा नाहीं. आपली वस्ती थोरांनीं आणि पोरांनीं मिळून कशी सुधारावी, एवढेंच मला सांगावयाचें आहे.

उदाहरणासाठीं लांब जावयास नको. अंधेरीच्या पश्चिमेस वेसाव्याचा किनारा आहे. तेथें कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर पोट भरतात. २०१५ सालीं त्या सुमारें अडीच किलोमीटरच्या किनाऱ्यावर प्लास्टिकचा असा थर सांचला होता कीं पायाखालीं वाळू लागत नव्हती. हा कचरा काय एकट्या कोळीवाड्यानें केला? मुळींच नाहीं. साऱ्या शहराची घाण नाल्यांतून खाडींत जाते, खाडींतून दर्यांत जाते, आणि भरतीबरोबर परत किनाऱ्यास लागते. माडीवरल्या शेटजीनें खिडकींतून फेकलेली पिशवी अखेर गरिबाच्या जाळ्यांत येते. मासळीच्या आधीं पिशव्या हातीं लागतात, त्या वेंचतां वेंचतां वेळ जातो, जाळें फाटतें; आणि घाणेरडेपणाचें नांव मात्र कोळ्यालाच! ज्याचें जळतें त्याला कळतें.

त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत अफरोज शाह नांवाचे तरुण वकील हातमोजे घालून त्या किनाऱ्यावर उतरले. बरोबर एकच शेजारी होते, आणि त्यांचें वय ८४ वर्षांचें! ना निशाण, ना मंडप, ना उद्घाटन. एक तरुण व एक म्हातारा वांकून कचरा वेंचूं लागले. पाहणाऱ्यांनीं आधीं पाहिलें, मग एकेक जण उतरला. कोळीवाड्यांतील माणसें आलीं, शाळांतील मुलें आलीं, बंगल्यांतील लोकही आले. दर आठवड्याला काम चालूं राहिलें. दोन वर्षांच्या आंत ५० लाख किलोंहून अधिक कचरा तेथून निघाला. २०१६ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागानें शाह यांस मानाचा पुरस्कार दिला.

पण सारेंच गोड घडलें असें समजूं नका. नोव्हेंबर २०१७ मध्यें हें काम कांहीं काळ बंद पडलें. गुंडांचा त्रास होतो आणि गोळा केलेला कचरा वेळेवर उचलला जात नाहीं, अशी शाह यांची तक्रार होती. पुढें काम पुन्हां सुरू झालें. आणि मार्च २०१८ मध्यें त्याच वाळूंतून ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांचीं सुमारें ८० पिलें निघून समुद्राकडे जातांना लोकांनीं पाहिलीं. जेथें माणसाला पाय ठेवण्याची किळस येई, तेथें कासवीण अंडीं घालून गेली! याहून मोठें प्रशस्तिपत्र कोणतें?

आतां यांतून आपण काय शिकावें?

पहिली गोष्ट खराट्याची. आपल्या देशांत घाण करण्याचा हक्क सर्वांना, पण ती उचलण्याचें काम जन्मावरून ठराविक जातींच्या गळ्यांत बांधलेलें. हा धर्म नव्हे, ही लबाडी आहे. परीट समाजांत जन्मलेल्या गाडगेबाबांनीं ती ओळखली. हातांत खराटा घेऊन ते गांवांत शिरत. दिवसा रस्ते झाडीत आणि रात्रीं कीर्तनांतून लोकांचीं मनें झाडीत. ज्या दिवशीं बंगल्यांतला मुलगा आणि झोपडींतला मुलगा एकाच पोत्याचीं दोन टोकें धरतील, त्या दिवशीं कचऱ्याबरोबर उच्चनीचपणाही थोडा उचलला जाईल. पण हा खराटा बापानेंही धरला पाहिजे. बाप पान खाऊन भिंतीवर थुंकणार आणि मुलाला स्वच्छतेचा निबंध लिहावयास सांगणार, तर तो निबंध कागदावरच राहील. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

दुसरी गोष्ट मानाची. पोरांना हमाल समजूं नका, भागीदार समजा. जोतीराव व सावित्रीबाईंनीं शाळा काढल्या, हें थोरांचें काम झालें. पण त्यांच्याच शाळेंत शिकलेल्या मुक्ता साळवे या सुमारें १४ वर्षांच्या मातंग मुलीनें १८५५ सालीं मांग-महारांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदयां'त छापून आला. थोरांनीं दार उघडलें, पोरीनें साऱ्या समाजाला जाब विचारला. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीला जेवत आणि आपल्या हातांनीं कष्ट करून शिकत. तेथें कष्ट ही शिक्षा नव्हती, तें शिक्षण होतें. म्हणून वस्तीच्या बैठकींत तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना बसवा, आणि त्यांचें मत घ्या. कोणत्या गल्लींत दिवा नाहीं, कोणत्या संडासाचें दार मोडलें आहे, मुलींना कोठून जातांना भीति वाटते, हें त्यांना आपल्याहून अधिक ठाऊक असतें.

तिसरी गोष्ट हक्काची. आपण श्रमदान करावें, पण सरकारचें व महानगरपालिकेचें कर्तव्य माफ करूं नये. आपल्या फुकट कामानें सफाई कामगाराची रोजी जातां कामा नये. त्याला पुरा पगार, हातमोजे व बूट मिळावेत, ही मागणीही आपलीच. आणि गटारांत किंवा मैल्याच्या टांकींत कोणाही मुलाला उतरवूं नका. माणसाच्या हातून मैला उपसून घेण्यास २०१३ च्या कायद्यानें बंदी आहे.

हें आळसाचें काम नाहीं, याची साक्ष मिठी नदी देते. विहार व पवई तलावांच्या सांडव्यांतून ती निघते आणि अंधेरी, कुर्ला करीत माहीमच्या खाडीला मिळते. आपण तिचा नाला केला. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि कोंडलेलें पाणी घरांत शिरलें. उंच मजले कोरडे राहिले; तळमजल्यावरच्या आणि नदीकांठच्या गरिबांचा संसार वाहून गेला. वेसाव्याच्या स्वयंसेवकांनीं पुढें पवईच्या फिल्टरपाड्याला या नदीचेंही काम हातीं घेतलें, तें याचसाठीं.

मग आपण काय करावें? रविवारीं सकाळीं दोन तास द्या. हा रविवार आपल्याला कोणी दान दिलेला नाहीं. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं गिरणी कामगारांसाठीं झगडून १० जून १८९० रोजीं तो मिळविला. त्यांतले दोन तास वस्तीला देणें म्हणजे त्यांचें ऋण फेडणें होय. प्रत्येक घरांतून एक थोर व एक पोर यावें. एका मुलीच्या हातीं वही द्या. किती पोतीं निघालीं, महानगरपालिकेची गाडी कोणत्या दिवशीं आली, कोणत्या दिवशीं आली नाहीं, तें तिनें लिहावें. महिन्याच्या शेवटीं त्याच वहीवरून मुलांनीं अर्ज लिहावा, थोरांनीं सह्या कराव्या, आणि दोघांनीं मिळून वॉर्डाच्या कचेरींत नेऊन द्यावा. उत्तर न आल्यास २००५ चा माहितीचा अधिकार आहेच. पोरांजवळ अक्षर आहे, थोरांजवळ अनुभव व मत आहे. एका हातानें टाळी वाजत नाहीं.

आईबापांनो, मुलांचा अभ्यास बुडवून हें करूं नका. पोरांनो, अभ्यासाचें निमित्त सांगून हें टाळूंही नका. येत्या रविवारीं सात वाजतां खराटे व पोतीं घेऊन शाळेच्या अंगणांत जमावयाचें आहे. वहीचें पहिलें पान कोरें ठेवलें आहे. त्यावर पहिलें नांव कोणाचें पडतें तें पाहूं.