परक्याच्या ओंजळीचें पाणी

१९४१ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत 'बांद्रा' नांवाचें एक जहाज मुंबई बंदराबाहेर येऊन थांबलें. त्यावर इराणचे पदच्युत शहा रझा पहलवी आपल्या परिवारासह होते. ऑगस्टमध्यें ब्रिटिश व रशियन फौजांनीं त्यांचा देश व्यापला होता आणि सप्टेंबरांत त्यांना सिंहासन सोडावें लागलें होतें. शहांना मुंबईंत उतरावयाचें होतें. परंतु हिंदुस्थान सरकारचे अधिकारी क्लॅरमाँट स्क्राइन जहाजावर आले, आणि किनाऱ्यावर पाऊल ठेवतां येणार नाहीं, पुढील मुक्काम मॉरिशस, असें त्यांनीं शहांना कळविलें. तेथून जोहान्सबर्ग, आणि तेथेंच १९४४ सालीं मृत्यु. वीस वर्षांपूर्वीं, १९२१ सालीं, याच रझाखानांना तेहरानवर चालून जाण्यास उत्तेजन देणारा सेनापति आयर्नसाइड हा ब्रिटिशच होता. ज्या हातानें चढविलें त्याच हातानें उतरविलें; आणि उतरवितांना बंदरही त्यानेंच ठरविलें.

'परागंदा' हा शब्द मराठीनें फारसीकडूनच घेतला आहे. मुळांत त्याचा अर्थ विखुरलेला असा आहे. १९७९ च्या क्रांतीनंतर इराणांतून जीं असंख्य माणसें बाहेर पडलीं, त्यांना हा शब्द दोन्ही अर्थांनीं लागू पडतो. राजनिष्ठ, प्रजासत्ताकवादी, डावे, कुर्द, मुजाहिदीन असे त्यांचे नाना पक्ष पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन येथें विखुरले आणि प्रत्येकजण इराणच्या जनतेच्या नांवानें बोलूं लागला. त्यांपैकीं कोणाचा शब्द देशांत चालतो, आणि परक्या राष्ट्रांच्या मदतीनें त्या शब्दाचें वजन वाढतें कीं घटतें, हा प्रश्न इराणपुरता तरी इतिहासानें पुष्कळदां तपासून पाहिलेला आहे.

परकीयांविषयींचा इराणी मनांतील संशय केवळ आजच्या सत्ताधाऱ्यांनीं पेरलेला नव्हे. १९०६ सालच्या उन्हाळ्यांत, राज्यघटना मागणारे तेहरानचे हजारों व्यापारी, कारागीर आणि विद्यार्थी ब्रिटिश वकिलातीच्या बागेंत आश्रयास जाऊन बसले. बागेंत तंबू उभे राहिले, मोठमोठ्या कढयांतून अन्न शिजूं लागलें, आणि अखेर शहानें घटना मान्य केली. त्या वेळीं ब्रिटिशांविषयीं जी कृतज्ञता उत्पन्न झाली तिला जेमतेम एक वर्षाचें आयुष्य लाभलें. ३१ ऑगस्ट १९०७ रोजीं ब्रिटन आणि रशिया यांनीं इराणचे प्रभावक्षेत्रांत वांटे करून घेतले; ज्याचें घर त्याला विचारण्याची गरजही कोणाला भासली नाहीं. पुढें तेलाचें राष्ट्रीयीकरण करणारे मोसद्देक १९ ऑगस्ट १९५३ रोजीं पदभ्रष्ट झाले. त्या कटांत आपला हात होता, हें अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याच्याच कागदांनीं २०१३ सालीं उघड मान्य केलें. ज्याला त्याला इंग्रजांचा हात दिसणाऱ्या एका म्हाताऱ्याची थट्टा 'दाईजान नापोलियन' या १९७३ च्या कादंबरींत केली आहे. पण थट्टेच्या मुळाशीं किती खरी जखम होती हें वरील तारखांवरून दिसतें.

तथापि परागंदा मनुष्याचा शब्द देशांत चालतच नाहीं, असें मात्र नव्हे. खोमेनी हे स्वतः परागंदाच होते. १९६४ सालीं त्यांना हद्दपार करण्यांत आलें. प्रथम तुर्कस्तान, मग नजफ, आणि ऑक्टोबर १९७८ पासून पॅरिसजवळचें एक खेडें, अशी चौदा वर्षें त्यांनीं बाहेर काढलीं. त्यांचीं भाषणें ध्वनिफितींवर उतरून मशिदीमशिदींतून ऐकलीं जात. पैसा बाजारपेठेंतल्या व्यापाऱ्यांचा होता; मनुष्यबळ देशांतल्या मुल्लांचें होतें. लंडनच्या फारसी नभोवाणीमुळें ब्रिटिशच त्यांना फूस देत आहेत असा शहांचा समज होता, पण तो समज बाळगणारे शहा स्वतः १९५३ च्या कटानें सिंहासनावर परतले होते, हें लोकांना पाठ होतें. खोमेनींनीं पुढें देशाला कोठें नेलें हा निराळा आणि दुःखद विषय आहे. त्यांच्या शब्दाला मोल मिळालें तें देशांतल्या माणसांनीं दिलें, एवढेंच येथें पाहावयाचें.

याच्या नेमकी उलट कथा मुजाहिदीन-ए-खल्क या संघटनेची आहे. १९६५ सालीं शहांच्या जुलमाविरुद्ध उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यांची ही संघटना. तिच्या पहिल्या पुढाऱ्यांना १९७२ सालीं शहांनीं गोळ्या घातल्या, आणि क्रांतीच्या वेळीं तरुणांत तिला मोठा मान होता. १९८१ च्या जूनमध्यें नव्या राजवटीशीं तिचें उघड वितुष्ट आलें. रस्त्यांवर रक्त सांडलें, बाँब उडाले, फांशी सुरू झाल्या, आणि पुढारी मसूद रजवी हे पदच्युत अध्यक्ष बनीसद्र यांच्यासह पॅरिसला निसटले. येथवर त्यांच्या बाजूनें पुष्कळ कांहीं बोलतां येईल. पण इराक व इराण यांचें युद्ध पेटलेलें असतां रजवींनीं बगदादशीं सूत जमविलें. बनीसद्र यांना तें रुचलें नाहीं व १९८४ सालीं ते वेगळे झाले. १९८६ सालीं रजवी सद्दामच्या आश्रयास इराकमध्यें जाऊन राहिले. ज्या सैन्यानें इराणी शहरांवर क्षेपणास्त्रें टाकलीं, खंदकांतल्या मुलांवर विषारी वायु सोडला, त्या सैन्याच्या छावणीशेजारीं इराणच्या मुक्तिदात्यांची छावणी पडली.

परकीयांची मदत घेणें हेंच पाप, असें महाराष्ट्रानें तरी म्हणूं नये. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे पहिल्या महायुद्धांत जर्मनीच्या साह्यानें याच इराणांत ब्रिटिशांशीं लढले. पण त्या वेळीं हिंदुस्थानांतील खेडींपाडीं जर्मन तोफांखालीं जळत नव्हतीं. इराकच्या बाबतींत आपल्याच भावंडांवर चाललेल्या तोफेच्या मागें उभें राहण्याचा प्रसंग होता.

जुलै १९८८ मध्यें इराणनें युद्धबंदीचा ठराव मान्य केला. त्यानंतर थोड्याच दिवसांत रजवींच्या कांहीं हजार अनुयायांनीं, स्त्रियांसुद्धां, इराकमधून सीमा ओलांडली. जनता स्वागतास धांवून येईल व तेहरान हातीं लागेल, अशी त्यांची समजूत करून देण्यांत आली होती. इस्लामाबाद हें सरहद्दीकडचें शहर त्यांनीं घेतलें; परंतु करमानशाहच्या अलीकडेच त्यांची वाट रोखली गेली आणि शेंकडों तरुण तेथें मारले गेले. जनता आली नाहीं. आणि खरी किंमत दिली ती तेथें नसलेल्यांनीं. खोमेनींच्या हुकुमानें इराणच्या तुरुंगांतून मुजाहिदीन कैद्यांची, व मागाहून डाव्यांची, अवघ्या कांहीं मिनिटांची चौकशी होऊं लागली आणि हजारों कैद्यांना फांसावर चढविण्यांत आलें. त्यांत कित्येकजण निव्वळ पत्रकें वांटल्याबद्दल आठ वर्षांपूर्वीं पकडलेले होते. कित्येकांची शिक्षा भोगून झाली होती. खोमेनींचे नियोजित वारस मोंतजरी यांनीं अधिकाऱ्यांना समोर बसवून या कृत्याचा धिक्कार केला, आणि १९८९ सालीं त्यांचें वारसपद गेलें. त्या बैठकीची ध्वनिफीत २०१६ सालीं बाहेर आली. मारणाऱ्यांचा दोष रजवींच्या चुकीनें तिळभरही कमी होत नाहीं. पण त्या फांशी गेलेल्यांच्या आयांपुढें 'आम्ही तुमच्या वतीनें बोलतों' असें म्हणण्याचा अधिकार छावणींतल्या पुढाऱ्यांपाशीं किती उरला?

त्यानंतर त्या छावणींत नवराबायकोंना घटस्फोट घ्यावयास लावण्यांत आलें, मुलांना परदेशीं धाडण्यांत आलें. देशांतला आधार आटत गेला तशी बाहेरची वर्दळ वाढली. १९९७ मध्यें अमेरिकेनें दहशतवादी ठरविलेल्या या संघटनेचें नांव २०१२ सालीं त्या यादींतून वगळण्यांत आलें. तिच्या सभांतून भाषण करण्यासाठीं मोठमोठे माजी अधिकारी मानधन घेऊन येऊं लागले. जॉन बोल्टन यांनीं २०१७ च्या एका भाषणाचे चाळीस हजार डॉलर घेतल्याचें त्यांच्याच विवरणपत्रांत नमूद आहे. दुसऱ्या वर्षीं ते अमेरिकेच्या अध्यक्षांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले. नतांझच्या अणुकेंद्राची बातमी ऑगस्ट २००२ मध्यें याच संघटनेनें जगाला दिली आणि ती खरी निघाली. खरी बातमी देऊनही घरीं पत वाढूं नये, यापरती वाईट अवस्था राजकीय पक्षाला नाहीं.

जहाजावरील शहांच्या नातवाचें नांवही रझा पहलवीच. १९८० च्या ऑक्टोबरांत, विसाव्या वाढदिवशीं, त्यांनीं कैरोमध्यें स्वतःस शहा म्हणून घोषित केलें. पुढें मात्र लोकांचा कौल मिळेल ती राज्यपद्धति मान्य, असें ते म्हणूं लागले. १९८६ सालीं त्यांचें एक अकरा मिनिटांचें भाषण इराणच्या दूरचित्रवाणीवर अकस्मात् उमटलें. त्यामागें अमेरिकन गुप्तहेर खात्याचीं यंत्रें होतीं, असें वॉशिंग्टनच्या वृत्तपत्रानें लवकरच छापलें. तरीही त्यांच्या घराण्याविषयींची ओढ सर्वस्वीं बनावट म्हणतां येणार नाहीं. २०१७ च्या अखेरीस इराणी शहरांत जीं निदर्शनें झालीं, त्यांत रझाशहांच्या आत्म्याला शांति चिंतणाऱ्या घोषणा देशांतल्याच तरुणांनीं दिल्या. ही ठेव घरची होती. सप्टेंबर २०२२ मध्यें महसा अमीनी या तरुणीच्या मृत्यूनंतर सारा देश उसळला, तेव्हां परागंदांनाही एकत्र येण्याची बुद्धि झाली. फेब्रुवारी २०२३ मध्यें वॉशिंग्टनला पहलवी, शिरीन एबादी, मसीह अलीनेजाद, हामेद इस्माइलियून प्रभृति एका व्यासपीठावर दिसले, सनद निघाली, आणि एप्रिल संपण्यापूर्वींच मेळ मोडला. त्याच एप्रिलमध्यें पहलवी इस्राएलला जाऊन आले.

या सर्वांच्या दुबळेपणाचें खापर केवळ त्यांच्याच माथीं फोडणें अन्यायाचें होईल. कुर्द पुढारी कासिमलू यांना १९८९ सालीं व्हिएन्ना येथें, तेहरानच्या दूतांशीं वाटाघाटी चालू असतां, ठार करण्यांत आलें; शहांचे शेवटचे पंतप्रधान बख्तियार यांना १९९१ सालीं पॅरिसजवळ त्यांच्या राहत्या घरीं. ज्यांच्यापाशीं स्वतःचें वजन होतें तींच माणसें हेरून मारलीं गेलीं. उरलेल्यांना परक्यांचे हस्तक म्हणणें सोपें झालें.

१३ जून २०२५ रोजीं इस्राएलनें इराणवर हल्ला केला. पहलवींनीं युद्धाचा दोष इराणच्या राज्यकर्त्यांवर ठेवला आणि जनतेला उठावाची हांक दिली. २३ जूनला पॅरिस येथें त्यांनीं पत्रकारांना राजवटीच्या पतनाची घटका जवळ आल्याचें सांगितलें. त्याच दिवशीं तेहरानच्या एव्हिन तुरुंगावर इस्राएली बाँब पडले. कैदी, त्यांना भेटावयास आलेले आप्त आणि तुरुंगाचे नोकर, मिळून सत्तराहून अधिक माणसें मेल्याचें इराणी न्यायखात्यानें जाहीर केलें. त्या बारा दिवसांत उठाव झाला नाहीं. आठवडाभर आधीं नर्गिस मोहम्मदी, शिरीन एबादी, चित्रपटकार जाफर पनाही आणि इतर कांहींजणांनीं एक पत्रक पॅरिसच्या वृत्तपत्रांत प्रसिद्ध केलें होतें. युद्ध थांबवा, युरेनियमचें समृद्धीकरण थांबवा, आणि राज्यकर्त्यांनो, पायउतार व्हा, अशा त्यांत एकाच दमांत मागण्या होत्या. ज्या तुरुंगावर बाँब पडले त्याच तुरुंगांत मोहम्मदींनीं कित्येक वर्षें आणि पनाहींनीं कित्येक महिने काढलेले होते.