दगड संपले आणि पाय आत गेला

आज गडकिल्ला नाही, चिखल. तोही इंग्लंडमधला.

मी मँचेस्टरला शिकायला आहे, घर अकोल्याकडचं. सप्टेंबरच्या शेवटी मी आणि माझा रूममेट पेनाइन वेचा पहिला दिवस चाललो. ही पायवाट ईडेल गावातून निघते आणि ४३१ किलोमीटरवर स्कॉटलंडमधल्या कर्क येथोमला संपते. आम्हाला फक्त क्राउडनपर्यंत जायचं होतं, साधारण २६ किलोमीटर. मनात म्हटलं, राजगड-तोरणा केलाय आपण, हे काय!

सकाळी किंडर स्काउटवर चढलो. उंची फक्त ६३६ मीटर. हा माळ एकेकाळी जमीनदारांच्या पक्षी-शिकारीसाठी राखीव होता. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टरकडचे तरुण कामगार मुद्दाम इथं घुसले, त्यातल्या पाच जणांना तुरुंगात टाकलं. बरोबर ३३ वर्षांनी, २४ एप्रिललाच, पेनाइन वे अधिकृतपणे सुरू झाली.

तिथून पुढे स्नेक पासच्या रस्त्यापर्यंत पायाखाली लांबलचक फरशी. या वाटेवरच्या बऱ्याच फरश्या लँकेशायरच्या बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या आहेत, हेलिकॉप्टरने आणून टाकलेल्या. मी थांबून एकीवर हात फिरवला. अमेरिकेत यादवी पेटली आणि लँकेशायरला कापूस मिळेना, तेव्हा आमच्या वऱ्हाडातून कापूस यायचा. आमच्या घरी अजूनही कापूसच पिकतो. आणि गंमत बघा, त्याच गिरण्यांच्या धुरानं इथलं स्फॅग्नम शेवाळ मारलं. शेवाळ गेलं, खालचं पीट उघडं पडलं. पीट म्हणजे हजारो वर्षं साचलेलं, अर्धवट कुजलेलं शेवाळ-गवत. काळं, पाण्यानं फुगलेलं.

आमचं ठरलं होतं, तीनच्या आत रस्ता गाठला नाही तर टॅक्सी बोलवायची. पोचलो तीन चाळीसला. रूममेट म्हणाला, "भावा, थांबू." मी म्हटलं, "अरे, आता काय राहिलंय?" चूक माझी, शंभर टक्के.

ब्लीकलोवर धुकं उतरलं. फरश्या संपल्या. मोबाईलला रेंज नाही, ऑफलाइन नकाशा डाउनलोड केलेला नाही, बॅटरी ९ टक्के. पाण्यानं कापलेल्या काळ्या घळी, माणसापेक्षा खोल, सगळ्या सारख्याच. वाट शोधायला मी डावीकडे दोन पावलं टाकली आणि पाय मांडीपर्यंत आत.

आमची काळी मातीसुद्धा पावसात चप्पल ओढून घेते. पण तिथं जोर लावला की पाय निघतो. इथं जोर लावला तर दुसराही गेला. खाली टेकायला काहीच नाही, नुसती थंडी वर चढतेय. खरं सांगतो, फाटली.

रूममेट ओरडला, "हलू नकोस! मागं झोप!" सॅकवर उताणा पडलो. त्यानं पोटावर पडून काठी पुढं केली. एकेक पाय हळूहळू सोडवायला दहा मिनिटं तरी लागली असतील. डावा बूट आतच राहिला होता, त्यानं हात घालून तोही काढला.

मग भांडण झालं. तो जे बोलला ते मी इथं सांगत नाही. पण सकाळी ज्याच्यावर मी हसलो होतो तो कागदी नकाशा आणि होकायंत्र त्यानं बाहेर काढलं. तो शंभर पावलं मोजायचा, थांबायचा, सुई बघायचा, मी गप्प मागं. सव्वासहाला दगडांचा मोठा ढीग आणि त्यात रोवलेला खांब दिसला. ब्लीकलोचा माथा! तिथून उतार, टॉर्च, आणि रात्री साडेआठला क्राउडन.

घरी फोन केला. बाबांना सगळं सांगितलं, फरश्यांचं पण. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "काहून गेल्ता बापा तिकडं?"

रूममेट दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी टेबलावर त्याचं होकायंत्र ठेवलेलं होतं आणि तो म्हणाला, "चल, शिकवतो."