मुठीचे बळ
(वार्षिक संमेलनातील भाषण)



चंद्रपूर-गडचिरोलीच्या या धानपट्ट्यात ज्यांच्या वाडवडिलांनी चिखलात रोवणी केली, त्यांची मुले आज कचेरीत व दुकानात बसून चरितार्थ चालवितात. ही प्रगती अभिनंदनीय होय. परंतु श्रम सुटले, भाताचे ताट मात्र तेवढेच राहिले. म्हणूनच अंगाने किरकोळ दिसणाऱ्यांसही मधुमेह जडतो.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःची व लंडनच्या डॉ. युडकिन यांची तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. तथापि युडकिनांच्या अंगी चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगी २१.२ टक्के! जेवणानंतर रक्तात उतरणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायू शोषून घेतात. स्नायू क्षीण झाले की ती रक्तातच साचते.

स्नायूंची परीक्षा मुठीने होते. भारतासह १७ देशांत झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पकड ५ किलोंनी कमी असता मृत्यूचा धोका १६ टक्के अधिक आढळला. अर्थात मूठ हा आरसा आहे; नुसता आरसा पुसून चेहरा उजळत नाही. बळ सर्वांगी हवे.

यास्तव पुरुषांनी कमरेचा घेर ९० व स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत राखावा. ताटात भात थोडा कमी, वरण व हरभरा अधिक असावा. आणि सर्वांच्या मागून उरलेसुरले जेवणाऱ्या गृहिणीच्या ताटातही तो पडावा. जोर-बैठका केवळ तरुणांसाठी नाहीत. साठीनंतर त्यांची गरज वाढते, मात्र वैद्यांच्या सल्ल्याने बेताने आरंभ करावा. लग्नसराई सोडून बंद राहणारे आपले सभागृह रोज सकाळी स्त्री-पुरुषांच्या व्यायामासाठी उघडावे, अशी माझी मंडळास नम्र सूचना आहे.