खलाशानें दाद कोठें मागावी?

मालक एका देशाचा, निशाण दुसऱ्याचें, माल तिसऱ्याचा आणि खलाशी रत्नागिरीचा, अशा जहाजावर पगार थकला तर दाद कोणाकडे मागावयाची? एकट्यादुकट्या राष्ट्राच्या आवाक्यांतला हा प्रश्न नव्हे. म्हणूनच १९१९ सालीं जन्मलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनें दुसऱ्याच वर्षीं जिनोआ येथें केवळ नाविकांसाठीं परिषद भरविली. पुढें करारांची रास पडली. ते बहुतेक एकत्र करून २००६ सालीं सागरी कामगार करार झाला. २०१३ पासून तो अंमलांत आला व भारतानें २०१५ मध्यें त्यास मान्यता दिली.

२४ तासांत किमान १० तास विश्रांति, १६ वर्षांखालील मुलांस मज्जाव, अशीं त्याचीं कलमें आहेत. परंतु त्याचें खरें बळ बंदरांत आहे. जहाज धक्क्यास लागलें कीं करार मानणाऱ्या देशाचा निरीक्षक त्यावर चढूं शकतो, मग निशाणाच्या देशानें करार मानलेला असो वा नसो. गंभीर दोष आढळल्यास जहाज अडकवितां येतें, आणि अडकलेलें जहाज म्हणजे रोजचा तोटा, हें मालकास चटकन् कळतें!

कांहीं मालक मात्र जहाज खलाशांसकट परक्या बंदरांत टाकून देतात. उतरलों तर थकलेला पगार बुडेल, या भीतीनें खलाशी उपाशीपोटींही जहाज सोडीत नाहींत. अलीकडे अशांत भारतीय पुष्कळ आहेत. २०१७ पासून अशा प्रसंगासाठीं चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार, अन्नपाणी व परतीचा खर्च यांची आर्थिक हमी मालकास आधींच द्यावी लागते. तिचा दाखला जहाजावर सर्वांस दिसेल असा लावलेला असला पाहिजे. तो नसेल, तर खलाशानें तेवढ्यावरूनच सावध व्हावें.