मूर्तीचा डोळा उचकटणारे दोघे

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या, पात्राची भूमिका घेऊन खेळावयाच्या खेळाच्या चित्रांविषयी बोलण्यास मला मोजकीच मिनिटे मिळाली आहेत, आणि ती सर्व मी एकाच मुद्द्यावर खर्च करणार आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. मुद्दा असा की, अशा खेळाच्या पुस्तकातील चित्राने वीर दाखविण्यापेक्षा प्रसंग दाखवावा. ते पाहून ‘या ठिकाणी आपण असतो तर काय केले असते’ हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात उत्पन्न झाला पाहिजे.

१९७८ साली निघालेल्या ‘प्लेअर्स हँडबुक’ या त्याच्या नियमपुस्तकाचे, डेव्हिड ट्रॅम्पियर यांनी काढलेले मुखपृष्ठच घ्या. शिंगे असलेल्या राक्षसाची प्रचंड मूर्ती बसलेली आहे. तिच्या मस्तकापर्यंत चढून गेलेले दोन चोर तिच्या डोळ्यातील रत्न उचकटीत आहेत. खाली सरड्यासारख्या शत्रूंची प्रेते कोणी फरफटत नेत आहे, तर बाजूला काही मंडळी नकाशा घेऊन पुढील मसलत करीत आहेत. लढाई होऊन गेली आहे, आणि चित्रकाराने नेमकी तीच वगळली आहे. हा खेळ मसलतीचा, लोभाचा आणि ओझी वाहण्याचा आहे, हे नियमांची शंभरावर पाने वाचूनही ज्या नवख्याला उमगणार नाही, त्याला ते या एका चित्रावरून कळते.

आपल्याकडे लग्नाची छायाचित्रे घरी आली की हार घालून उभ्या असलेल्या वधूवरांचे चित्र मोठे करून भिंतीवर लागते, आणि ते लागावेही. परंतु कार्य कसे पार पडले हे ज्याला जाणून घ्यावयाचे असेल त्याने कोठीच्या खोलीतले छायाचित्र मागावे, जेथे मामा किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून नारळ मोजीत आहेत, आचारी तूप कमी पडल्याची तक्रार घेऊन दारात उभा आहे, आणि रुसलेल्या विहीणबाईंची समजूत कोणी घालावी यावर दोघी काकूंची कुजबूज चालली आहे. ते पाहणारा नकळत त्या कामात पडतो. तूप कोठून आणावे, विहीणबाईंकडे कोणाला धाडावे, हे स्वतःच ठरवू लागतो. वधूवरांच्या चित्रापुढे त्याला अक्षता टाकण्यापलीकडे काही उद्योग नसतो. ट्रॅम्पियर यांनी कोठीची खोली चितारली, एवढेच माझे म्हणणे आहे.

पुढे १९८३ मध्ये त्याच पुस्तकावर जेफ ईझली यांचा वृद्ध जादूगार आला, आणि खेळाच्या त्याच वर्षीच्या लाल पेटीवर लॅरी एल्मोर यांचा, ड्रॅगनला सामोरा गेलेला योद्धा. रंगकामात व शरीररचनेत हे चित्रकार सरस, यात वाद नाही. १९७४ च्या पहिल्या पेटीतील चित्रे तर हौशी हातांची होती, आणि त्यांतील काही चित्रकथांवरून सरळ उतरविलेली. तथापि कसब वाढता वाढता वधूवर पुढे आले आणि कोठी मागे पडली, हे नाकारता येणार नाही.

पुन्हा सांगतो, कारण ‘जुन्या माणसाला जुनेच आवडावयाचे’ असा शेरा काहींनी मनात मारला असेल: माझी तक्रार रंगाबद्दल नाही, प्रसंग हरवल्याबद्दल आहे. तो कसा दाखवावा, याचा आणखी एक दाखला घ्या. १९७८ च्याच ‘टूम्ब ऑफ हॉरर्स’ या खेळावयाच्या साहसकथेसोबत चित्रांची निराळी पुस्तिका होती. खेळाडू एखाद्या दालनात पोहोचले की खेळ चालविणाऱ्या सूत्रधाराने त्यातील नेमके चित्र त्यांच्यापुढे धरावयाचे. त्यात भिंतीवरचा एक राक्षसी चेहरा आहे, आ वासलेला, आणि त्या तोंडात निव्वळ काळोख. आत शिरणारा नाहीसा होतो. चित्र मात्र जेवढे दिसते तेवढेच दाखविते, आणि निर्णयाची जबाबदारी मंडळींवर सोपविते.

त्याच हँडबुकातील, नरकात एकाकी लढणाऱ्या योद्ध्याच्या डेव्हिड सदरलँड यांच्या चित्राविषयीही बोलावयाचे होते, कारण तेथे वीरही आहे आणि प्रसंगही, व माझ्या सिद्धांताला ते अडचणीचेच ठरते. पण घड्याळ तेवढी सवलत देत नाही. तेव्हा तरुण श्रोत्यांना एवढेच सांगतो की, नवे पुस्तक विकत घेताना तलवार किती चकाकते हे पाहत बसू नका. ओझे कोण वाहत आहे आणि दिवा कोणाच्या हाती आहे, हे आधी शोधा, आणि पुस्तकभर कोठेच सापडले नाही, तर प्रकाशकाकडे खुशाल तक्रार करा.